शुक्रवारची टेप

फणसवाडी, गिरगाव
१८ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

फोन केला असता, पण फोनवर तू नुसता "हॅलो, हॅलो" करत बसतोस आणि मी आवाज चढवला की अख्खी चाळ गॅलरीत येऊन ऐकते. म्हणून हे पत्र. डोळे तरी धड आहेत ना अजून?

काल विसर्जनाच्या गर्दीतून वाट काढत राजाराम आला होता. तुझ्या शिवडीच्या ऑफिसातला शिपाई, तोच. ऑफिसची जागा सोडताना तू त्याला कपाटं रिकामी करायला लावलीस आणि सगळं भंगारात घाल म्हणालास म्हणे. त्यात त्याला एक टेप सापडली. गाण्यांची नव्हे, कॉम्प्युटरची. जाडजूड, खालच्या बाजूला पत्रा, वर कागद चिकटवलेला आणि त्यावर लिहिलंय "शुक्रवार". "बाई, ह्यां मनूचां अक्षर," म्हणाला. "फेकूक मन झालां नाय." शिपायाला ओळखू आलं. सख्ख्या मामाला नाही आलं.

दादा, येत्या फेब्रुवारीत मनूला जाऊन सव्वीस वर्षं होतील. इतक्या वर्षांनी त्याचं अक्षर पाहिलं आणि मी दारातच त्यावरून बोट फिरवत राहिले. राजारामला पाणीसुद्धा विचारायचं राहिलं.

तू मला तेव्हा सांगितलंस की तो तुझ्या टेबलावर किल्ल्या ठेवून मस्कतला निघून गेला, दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. मी ते मानलं. आज चाळीतल्या एकोणचाळीस भाडेकरूंनी नव्या इमारतीच्या कागदांवर सह्या केल्यात. चाळिसावी सही माझी, ती मी करत नाही, कारण मनूला पत्ता ठाऊक आहे तो एवढाच. उद्या तो आला आणि समोर पत्र्याचं कुंपण दिसलं तर कुठे जाईल? लोक मला तोंडावर शिव्या द्यायचे बाकी आहेत. देऊ देत.

तर आता नीट सांग. या टेपमध्ये काय आहे? तो रोज संध्याकाळी तुझ्या कॉम्प्युटरवर बसायचा. त्याने माझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलं असेल. टेप मी देव्हाऱ्यात ठेवली आहे.

तुझी,
ललिता

---

शिवाजी पार्क
२७ सप्टेंबर २०२४

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डोळे ठीक आहेत.

त्या टेपमध्ये तुझ्या कामाचं काही नाही. आमचा धंदा काय होता हे तुला ठाऊक आहे. जहाजातून उतरलेला माल बघायचा, किती पोती भिजली, किती फुटली याचे रिपोर्ट करायचे. कॉम्प्युटर बिघडला तर ते रिपोर्ट जाऊ नयेत म्हणून रोज संध्याकाळी त्यातलं सगळं एका टेपवर उतरवून ठेवायचं. सोमवार ते शनिवार अशा सहा टेपा. पुढच्या सोमवारी सोमवारच्याच टेपवर पुन्हा, म्हणजे आधीच्या आठवड्याचं आपोआप पुसलं जाई. ही शिस्त मनूनेच घालून दिली होती. तेव्हा "शुक्रवार" म्हणजे फक्त शुक्रवार. त्यात गूढ काही नाही.

शिवाय अशा टेपा इतकी वर्षं टिकत नाहीत आणि त्या वाचणारी यंत्रंही आता मिळत नाहीत. तू त्यात जीव गुंतवू नकोस. राजाराम पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येईल, त्याच्याजवळ टेप दे. वरचा कागद हवा तर काढून ठेव.

सहीचं मात्र मनावर घे. तुझ्या जिन्यावरच्या लोकांनी काय पाप केलंय?

तुझा,
दादा

---

फणसवाडी
१४ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

राजाराम आला तसा परत पाठवला. ज्या टेपमध्ये नुसती भिजलेली पोती आहेत ती न्यायला तू एका म्हाताऱ्या माणसाला दोन बस बदलून पाठवतोस? भंगारात चालली होती तेव्हा तुला तिची आठवण नव्हती. माझ्या हातात आली आणि एकदम हवीशी झाली. वय झालं माझं, अक्कल गेली नाही.

परवा दसऱ्याला तिची पूजा केली. तुमच्या ऑफिसात मनू कॉम्प्युटरला हार घालायचा आणि टेपांनाही हळदकुंकू वाहायचा, राजारामनेच सांगितलं. मी हळद, कुंकू, अक्षता, झेंडू सगळं रीतसर वाहिलं. जरा सढळ हातानेच. वर्षाकाठी दुसरं काय करायला मिळतं मला त्याच्यासाठी?

आणि ती वाचणारं यंत्र मिळतं. खालच्या मजल्यावरच्या प्रधानांचा जावई हितेंद्र, त्याचं लॅमिंग्टन रोडला दुकान आहे. मेलेल्या कॉम्प्युटरमधून लोकांचे फोटो नि कागद काढून देतो. त्याने टेप उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "काकी, जुना ड्राइव्ह शोधतो मी चोरबाजारात. टेन्शन नका घेऊ." आज तो टेप घेऊन गेला. त्याची सासू माझ्याशी बोलत नाही सहीवरून, पण तो बिचारा बोलतो.

तुझी,
ललिता

---

शिवाजी पार्क
२२ ऑक्टोबर २०२४

चि. ललितास,
आशीर्वाद.

हट्ट तुझा लहानपणापासूनचा. पण एवढं ऐक. एकदा पुसलेली गोष्ट उकरून काढून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. हितेंद्रकडून टेप परत घे.

तू सारखं मनू का गेला, कुठे गेला म्हणतेस. तुझ्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर तीन आठवड्यांत तो गेला, हे तुला आठवतं का? त्या दिवशी घरी कोण आलं होतं, ते आठवतं का? आठवत असेल तर टेपची गरज नाही.

भाऊबीजेला येशील तेव्हा हा विषय नको.

तुझा,
दादा

---

फणसवाडी
८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

भाऊबीजेला विषय काढला नाही. काढून उपयोगही नव्हता. मी ओवाळायला उभी राहिले आणि तू कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलंस. छान.

"पुसलेली गोष्ट," असं तू लिहिलंस. मी पुसल्याचं कुठे म्हटलं होतं? तू म्हणालास तिच्यात पोती आहेत. मग पुसलं काय, दादा? कुणी पुसलं?

आता हितेंद्रचं ऐक. ड्राइव्ह मिळाला. त्याने टेप त्यात घातली, चार मिनिटं चालली आणि कर्रकन अडकली. मग पेचकस लावून उघडली. आत एक रबरासारखा पट्टा असतो, तो पार चिकट झालेला. आणि टेपच्या गुंडाळीत लाल पूड. मला फोन करून विचारतो, "काकी, हे कुंकू आहे का?" मी हो म्हटलं. मग म्हणाला की पट्ट्याचं काही नाही, दुसऱ्या टेपचं कवच काढून ही त्यात भरता येईल. पण ती चार मिनिटं आतलं कुंकू टेपवर घासलं गेलंय, तेवढ्या भागावर ओरखडे आहेत. मऊ ब्रशने साफ करून पुन्हा वाचून बघतो, म्हणाला. मिळेल तेवढं मिळेल. शिवडीच्या खाऱ्या हवेत तू ती इतकी वर्षं नुसती टाकून ठेवलीस, त्याने मूळचीच खराब झाली असणार.

आणि हळदीकुंकवाचं म्हणशील तर मला सगळं आठवतं. तुझ्या ऑफिसातल्या त्या धम्मपालची बहीण. मनू मला न विचारता, न सांगता तिला सगळ्या बायकांच्या मध्ये आणून बसवतो, मी काय करायला हवं होतं? हाकलली का? तिळगूळ दिला. कामवाल्या कमलाबाईंच्या हातून दिला, पण दिला ना? बाकीच्या बायकांना कुंकू लावताना तिला वगळलं, कारण समोर जोशीवहिनी, प्रधानवहिनी टक लावून बघत होत्या. मला या चाळीत राहायचं होतं. ती गेल्यावर सतरंजी धुवायला काढली. घरात चाळीस बायका येऊन गेल्यावर सतरंजी धुतातच.

तुझी,
ललिता

---

शिवाजी पार्क
२० नोव्हेंबर २०२४

चि. ललितास,
आशीर्वाद.

ती गेल्यावर नाही. ती जिन्याशी चपला घालत होती तेव्हा. तिच्या देखत.

तू पकडलंसच, तर सांगतो. पत्र होतं. बारा फेब्रुवारीच्या शुक्रवारी मनूने ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहिलं, छापून माझ्या हातात दिलं, नेहमीसारखी टेप लावली आणि गेला. वाचून झालं की मशीनमधूनही पुसून टाका, असं त्याने त्यातच लिहिलं होतं. मी शनिवारी सकाळी पुसलं, छापलेलं फाडलं. शुक्रवारच्या टेपवर ते आदल्या संध्याकाळीच उतरलंय, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढच्या शुक्रवारी ते आपोआप गेलं असतं, पण टेपा लावणारा माणूसच गेला होता. त्याच्यानंतर कुणी लावल्याच नाहीत.

पत्र मला लिहिलेलं आहे. तुला नाही. त्याने सांगितलं होतं, आईला दाखवू नका. मी शब्द पाळला. तू वाचू नयेस असं मला वाटतं ते तुझ्या काळजीने नव्हे. ते त्याचं आहे, आणि त्याची इच्छा नव्हती.

बाकी कुंकवाचं वाचून हसू आलं. जिला लावायचं तिला लावलं नाहीस, आणि टेपला मूठभर वाहिलंस.

तिचं नाव प्रिती आहे. तुझ्या सबंध पत्रात ते एकदाही आलेलं नाही.

तुझा,
दादा

---

फणसवाडी
१६ डिसेंबर २०२४

दादा,

मिळालं. आधी सगळं अगम्य अक्षरांत आलं होतं, काना नाही, मात्रा नाही. मग हितेंद्रने त्या काळचा मराठी फॉण्ट कुठूनतरी आणला आणि पडद्यावर एकदम ओळी उमटल्या. छापलेला कागद माझ्या हातात देऊन तो खाली गेला. त्याने वाचलंय. म्हणजे आता प्रधानांकडे सगळ्यांनी वाचलं.

तू फाडलंस ना? घे. मी हाताने उतरवून काढते.

"मामा, सोमवारपासून मी येणार नाही. कालच प्रितीचं आणि माझं रजिस्टर लग्न झालं. धम्मपाल आणि तिची आई होती. तुम्हाला बोलवायचं मनात होतं, पण तुम्हाला आईशी खोटं बोलावं लागलं असतं. आता तसंही बोलावं लागेलच, त्याबद्दल माफ करा. मी कुठे आहे हे तिला सांगू नका. हे पत्रही दाखवू नका, वाचून झालं की मशीनमधूनही पुसून टाका. ती रडेल, पण तिला मी हवा असेन म्हणून नाही, चाळीत काय सांगायचं म्हणून. त्या दिवशी सतरंजी उचलताना मी तिचा चेहरा बघत होतो. अगदी शांत होता. रागात असती तर मी भांडलो असतो, समजूत काढली असती, थांबलो असतो. पण ती दूध उतू गेल्यावर ओटा पुसावा तसं ते करत होती. त्यानंतर मला घरात जेवण जाईना. टेपा कपाटात खालच्या खणात आहेत, रोज संध्याकाळी लावायला विसरू नका. मनू."

संपलं. मला दोन रात्री झोप नाही.

दादा, चेहरा शांत होता म्हणतो. माझे हात थरथरत होते रे. जोशीवहिनींना दिसू नये म्हणून मी चेहरा तसा ठेवला होता. माझ्या सासूने मला तेच शिकवलं, चारचौघांत तोंड वाकडं करायचं नाही. त्याला एवढंही कळू नये? पोटच्या पोराला?

पण मी नीट विचार केला. हितेंद्र म्हणतो, टेपवरचं अकरा टक्के वाचता आलेलं नाही. जिथे कुंकू घासलं तेवढे तुकडे गेले. मामाला एवढं लांबलचक लिहिणारा मुलगा आईला एक ओळ लिहिणार नाही, हे शक्य नाही. माझ्या नावाचं दुसरं पत्र असणार आणि ते त्या अकरा टक्क्यांत आहे. रागाने एक लिहिलं, मग राग उतरल्यावर दुसरं लिहिलं. मी त्याला ओळखते. लोक नावं ठेवतील म्हणून तरी तो मला लिहिल्याशिवाय जाणार नाही. हितेंद्रला मी सांगितलंय की पुन्हा साफ कर, पुन्हा वाच. तो कंटाळलाय, पण करेल.

तू मात्र मला सव्वीस वर्षं फसवलंस. वहिनी गेल्या तेव्हा मी तुझ्याकडे तेरा दिवस राहिले, तुला जेवायला घातलं, तेव्हाही तुला वाटलं नाही सांगावं. तुला मूल नाही, दादा. कधी झालंच नाही. मूल निघून गेलं की काय होतं ते तुला कसं कळणार? कागद फाडलास आणि हात झटकलेस.

सही मी करणार नाही. ते दुसरं पत्र मिळेपर्यंत तर नाहीच.

ललिता

---

शिवाजी पार्क
६ जानेवारी २०२५

चि. ललितास,

तुझं पत्र आल्यापासून उत्तर लिहायला घेतो आणि ठेवतो. आज लिहून पुरं करतो.

हितेंद्रला आता सोड. अकरा टक्क्यांत काय होतं याची चौकशी मी केली. मनूलाच विचारलं.

तो मस्कतला कधीच गेला नाही. मस्कत माझ्या डोक्यातून आलं. तू रडत माझ्या दारात उभी राहिलीस तेव्हा जे तोंडात आलं ते सांगितलं, आणि मग तेच धरून बसावं लागलं. तो शिवडीत राहतो, गोदामांच्या ट्रकांचं काम बघतो. तुझ्यापासून टॅक्सीने अर्धा तास. प्रिती शाळेत शिकवते. त्यांची मुलगी श्रेया चोवीस वर्षांची आहे, गेल्या वर्षी वकील झाली. नाकडोळे तुझे आहेत. पत्ता देत नाही, त्याने नको म्हटलंय.

दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे येतो. आम्ही मैदानाला एक फेरी मारतो. आता मला दंड धरावा लागतो त्याचा. यंदा भाऊबीज नेमकी रविवारी आली, तेव्हा आदल्या दिवशी त्याला मेसेज करून येऊ नको म्हणून सांगितलं. तुझ्या वहिनीच्या तेराव्याला तू होतीस म्हणून तो चौदाव्या दिवशी आला.

मला मूल नाही, असं तू लिहिलंस. खरं आहे. म्हणून तर मला कळलं की हा मुलगा आपसूक हाताशी आलाय, तो जाऊ द्यायचा नाही. पहिली तीन-चार वर्षं तो अधूनमधून विचारायचा, आई कशी आहे. तेव्हा मी तुझा हात धरून त्याच्या दारात नेलं असतं, तर तू प्रितीसमोर रडली असतीस, ती विरघळली असती, आणि तुमचं जमूनही गेलं असतं. तो तुझ्याकडे परत गेला असता. मी नेलं नाही. मला तो हवा होता. त्याला म्हणायचो, आई बरी आहे, तिचं चाललंय. हळूहळू त्याने विचारणं सोडलं. याची मला लाज वाटते, ललिता, पण पस्तावा होत नाही. माझी म्हातारपणाची वर्षं फार चांगली गेली.

काल त्याला तुझी सगळी पत्रं वाचायला दिली. चष्मा लावून, खिडकीशी बसून त्याने पहिल्यापासून वाचली. त्याचं स्वतःचं पत्र तुझ्या अक्षरात वाचताना थोडा थांबला. झाल्यावर मी विचारलं, तेव्हा आईला वेगळं काही लिहिलं होतंस का?

"नाही, मामा," म्हणाला. "लिहायला बसलोच नव्हतो."

मग आता लिहायचंय का, असं विचारलं. त्याने जरा विचार केला. म्हणाला, "तिला सही करायला सांगा. लोकांची घरं अडलीत."

पत्रं घडी घालून टेबलावर ठेवली, चहा घेतला आणि श्रेयाला दादर स्टेशनवरून घ्यायचं होतं म्हणून निघाला. तुझी पत्रं या पाकिटात परत पाठवतोय.

तुझा,
दादा